पाहुण्याला दूध सोसत नाही

शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत पाहुण्याने काय नाकारावं याचे अलिखित नियम आहेत. जेवायला थांबला नाही, तर घाईत असेल म्हणून सोडून देतात. पाणी नको म्हणाला, तर नुकताच उन्हातून आलाय, दमानं घेईल, अशी त्याची बाजू कुणीतरी मांडतं. पण चहा टाकण्याआधी तो "माझ्यात दूध नको, कोराच द्या" म्हणाला, की स्वयंपाकघरातली भांडी एकदम गप्प होतात. "का हो, आमच्याकडे दूध नसतं असं वाटलं काय?" घरधनीण विचारते आणि पुरावा म्हणून पातेलंच बाहेर घेऊन येते. दूध आहे. वर जाड साय आहे. सायीसकट ते पाहुण्याच्या कपात जातं आणि घराची इभ्रत वाचते. पाहुण्याच्या पोटाचं पुढे काय होतं तो त्याचा खासगी मामला. तोवर तो फाट्यावर पोचलेला असतो.

दुधाला एवढा मान का, याचं उत्तर गोठ्यात आहे. इथली मूळची गाय डांगी. सह्याद्रीच्या पायथ्याचा पाऊस झेलता यावा म्हणून तिच्या कातडीतून तेलकट स्राव पाझरतो, खूर काळे आणि टणक, आणि भाताच्या चिखलात दिवसभर राबणारे बैल ती देते. दूध देताना मात्र हात आखडता. त्याबद्दल तिला कुणी बोल लावला नाही, कारण पाळली तीच बैलांसाठी. मुरबाड तालुक्यात पौष पौर्णिमेला म्हशाची जत्रा सुरू होते, तिची ख्यातीही बैलबाजाराची आणि घोंगड्यांची. तिथे बैलाचे दात बघतात, शेपटी पिरगळतात, चार पावलं चालवतात. 'दूध किती देते?' हे विचारणारा माणूस बहुधा ठाण्याहून सहकुटुंब फिरायला आलेला असतो.

भात, नाचणी, वरी, सुकी मासळी आणि पावसाळ्यात रानभाज्या यांवर वाढलेल्या या मुलखात दूध रोजच्या ताटात नव्हतंच. ते तान्ह्याला, बाळंतिणीला, आजाऱ्याला, देवाला आणि पाहुण्याला. या यादीत धडधाकट मोठ्या माणसाचं नाव नाही. ठाकरांच्या आणि कातकऱ्यांच्या वाड्यांवर आजही कोरा चहा पुढे येतो आणि तो देताना कुणाचा चेहरा उतरत नाही. इभ्रतीची भानगड ही रस्त्यालगतच्या, पत्रे काढून स्लॅब टाकलेल्या घरांतली.

मुंबईशी आमचं दुधाचं नातं विचाराल, तर तेही सांगतो. शहापूर तालुक्याने मुंबईला दूध बेताचंच दिलं, पाणी भरपूर. तानसाचं १८९२ पासून, पुढे भातशाचं. मुंबईच्या दुधात पिढ्यान्‌पिढ्या जे घातलं गेलं, त्यातला मोठा हिस्सा आमच्याकडून गेलेला आहे. म्हणजे त्या धंद्यात आम्ही सव्वाशेहून अधिक वर्षं बिनपगारी भागीदार आहोत आणि त्यातला पोटाला न बाधणारा भाग आमचा आहे, एवढं नम्रपणे नोंदवून ठेवतो.

दूध कमी होतं तोवर ते कुणाला सोसतं आणि कुणाला नाही, हे कळण्याइतकं कुणाच्या पोटात जातच नव्हतं. मग पिशवीतलं दूध आलं, फ्रीज आले, वासिंद-आसनगावला इमारती उठल्या, नोकरदार राहायला आले, सकाळचा ग्लासभर दुधाचा नेम हा सुशिक्षितपणाचा दाखला ठरला, आणि पोटं बोलू लागली.

बोलू लागली ती पहाटेच्या लोकलमध्ये. आसनगाव ते सीएसएमटी अंतर ८६ किलोमीटर, वेळ दोन तासांच्या आसपास, आणि लोकलला संडास नसतो. दूध न सोसणाऱ्या माणसाचा सगळा भूगोल या एका वाक्यात मावतो. ग्लासभर दूध पिऊन निघालेला गृहस्थ वासिंदला खिडकीबाहेर बघत असतो. टिटवाळ्याला तो डोळे मिटून गणपतीचं नाव घेतो. कल्याण येईपर्यंत त्याच्या कपाळावर घाम आणि चेहऱ्यावर वैराग्य असतं. शेजारचा विचारतो, "काय हो, बरं वाटत नाही का?" तो नुसता हात हलवतो, कारण बोलायलाही जोर लागतो. आमच्या ओळखीतले एक जण वर्षानुवर्षं भजनी मंडळाच्याच डब्यात चढायचे. टाळ, मृदंग आणि वीस माणसांच्या गजरात पोटातला आवाज विरघळून जायचा. ते निवृत्त झाले तेव्हा मंडळाने त्यांना शाल-श्रीफळ दिलं आणि त्यांच्या निष्ठेबद्दल भाषणं झाली.

या अवस्थेला डॉक्टर लॅक्टोज इन्टॉलरन्स म्हणतात. दुधात पाच टक्क्यांच्या आसपास लॅक्टोज, म्हणजे दुग्धशर्करा, असते. ती फोडायला लहान आतड्यात लॅक्टेज नावाचं विकर लागतं. तान्हेपणी ते भरपूर असतं; आईचं दूध सुटलं की बहुतेकांचं आतडं तो कारखाना हळूहळू बंद करतं. न फुटलेली साखर मोठ्या आतड्यात उतरते, तिथले जिवाणू तिच्यावर ताव मारतात, वायू धरतो, साखरेमागोमाग पाणी ओढलं जातं, आणि वासिंद ते कल्याण हा प्रवास घडतो. तपासणीसाठी लॅक्टोजचं पाणी पाजून दर थोड्या वेळाने नळीत फुंकर मारायला लावतात आणि श्वासातला हायड्रोजन मोजतात. दुधाने तोंड पोळलेल्याने पुढे फुंकत राहावं, ही म्हण आपल्याकडे होतीच. यंत्र तेवढं नंतर आलं.

खरा घोळ आजारी कोणाला म्हणायचं इथे आहे. जगातल्या मोठ्या माणसांपैकी सुमारे दोन तृतीयांश लोकांना दुग्धशर्करा नीट पचवता येत नाही. म्हणजे बहुमत आमचं. लोकशाहीच्या हिशेबाने ग्लासभर दूध गटागटा पिऊन ढेकर देणाऱ्यांनाच डॉक्टरकडे पाठवायला हवं. १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात उत्तर भारतातल्या निरोगी माणसांत दूध न सोसणारे २७ टक्क्यांच्या आसपास निघाले आणि दक्षिणेतल्यांत ६६ टक्क्यांच्या वर. २०१२ मध्ये जनुकं तपासणाऱ्यांनी सांगितलं, की मोठेपणीही दूध पचवू देणारा जो बदल भारतात प्रामुख्याने आढळतो तो युरोपातल्याच मुळाचा आहे आणि वायव्येकडून खाली येत जावं तसा तो विरळ होत जातो. महाराष्ट्र मधोमध. आपण उत्तरेतले की दक्षिणेतले हा वाद इथे इतिहासकारांनी सोडवायची गरज नाही, बासुंदीची दुसरी वाटी पुरते.

प्राण्यांचंही तेच. डोळे मिटून दूध पिण्याबद्दल आपण मांजराला बदनाम केलं. मोठ्या मांजरांनाही दूध बहुतेक वेळा बाधतं, तेव्हा डोळे मिटण्याचं कारण वेगळं असावं. नागपंचमीला नागापुढे वाटी सरकवतात. तो सरपटणारा प्राणी, त्याच्या घराण्यात दूध कुणी पाहिलेलंच नाही. पण त्याला निदान फणा काढून नको म्हणता येतं. सासुरवाडीला आम्हाला तीही सोय नाही.

रोगाला नाव मिळालं म्हणून नातेवाइकांचे उपचार थांबत नाहीत. लॅक्टोज हे माझ्या आत्याला पिशवीच्या दुधाच्या नव्या कंपनीचं नाव वाटलं आणि "मग ती पिशवी बंद करा, गोठ्यावरचं आणा" असा सल्ला तिने दिला. सासरे म्हणाले, म्हशीचं सोडा, गाईचं घ्या. मेहुणा म्हणाला, गाईचं सोडा, शेळीचं घ्या. तिन्ही दुधांत साखर तीच, उगाच थोडी इकडेतिकडे. लॅक्टोज काढलेलं दूध बाजारात मिळतं, ते आणून पाहिलं. त्यात विकर आधीच घालून साखर फोडलेली असते, त्यामुळे ते चवीला जास्त गोड लागतं. सासूबाईंनी एक घोट घेतला आणि साखरेच्या डब्यात डोकावून आल्या.

चुलत्यांचा सगळा भरवसा होमिओपॅथीवर. त्या उपचारातल्या पुड्यांमध्ये औषध ज्या पांढऱ्या भुकटीत मिसळलेलं असतं, ती सहसा दुग्धशर्करेचीच असते. दूध न सोसणाऱ्याला दुधाच्याच साखरेची पुडी, तीही जिभेवर ठेवून, पथ्यासह. प्रमाण इतकं अल्प की बाधत नाही, हे खरं. पण पुडी बांधणाऱ्याचा हात जरासुद्धा थरथरला नाही, याचं मला कौतुक वाटलं.

हा प्रमाणाचा मुद्दाच मोठा आहे आणि नेमका तोच कुणाला पटत नाही. पाव लिटर दुधात साधारण १२ ग्रॅम लॅक्टोज असतं. तेवढं जेवणासोबत पोटात गेलं, तर दूध न सोसणाऱ्या बऱ्याच जणांना फारसं काही होत नाही. कटिंग चहात दोन घोट दूध. त्यातली दुग्धशर्करा दोन-तीन ग्रॅम. म्हणजे ज्या कपावरून घराघरांत रामायण होतं तो कप बहुतेकांच्या बाबतीत निर्दोष सुटतो. खरे गुन्हेगार प्रतिष्ठित आहेत. बासुंदी आटवताना पाणी उडतं आणि साखर तशीच राहते. खवा त्याच्याही पुढे, आणि पेढा त्याचा. दहावीचा निकाल लागला की गावात जे पेढे वाटले जातात, त्यांत पास झालेल्यांपेक्षा जास्त लोक पुढच्या दिवशी गैरहजर असतात. कोजागरीचं मसाला दूध तर आटवलेलं, केशर-बदामाच्या आडून आलेलं, आणि मध्यरात्री पोटात उतरणारं. तूप मात्र सज्जन. त्यात दुग्धशर्करा जवळपास नसतेच. डॉक्टरांनी दूध बंद केल्याबरोबर वरणावरचं तूप सोडणारे भले लोक मी पाहिले आहेत, आणि त्याच घरात पेढा 'देवाचा आहे, नको कसं म्हणायचं' म्हणून खाल्ला जातो तेही.

आता ताक. इभ्रतीच्या शिडीवर ते सर्वांत खालच्या पायरीवर आणि पोटाच्या शिडीवर सर्वांत वर. विरजण लागलं की दह्यातले जिवाणू दुग्धशर्करा खाऊन आंबट होत जातात. दही नीट लागेपर्यंत साखरेचा पाव ते तिसरा हिस्सा त्यांनी संपवलेला असतो. उरलेल्या साखरेसाठी ते आपल्याबरोबर पोटात येतात आणि स्वतःचं विकर तिथे खर्ची घालतात. अट एकच, ते जिवंत असले पाहिजेत. कढीला खळखळून उकळी आली की ही सगळी पलटण गारद. दुकानातल्या, महिनोन्‌महिने बाहेर टिकणाऱ्या खोक्यातल्या ताकातही ती नसते. शिवाय ताकात पाणी पडतं आणि जेवढं पाणी जास्त तेवढं पोट शांत.

भावप्रकाशात ताकाचे पाच प्रकार सांगितले आहेत. सायीसकट, पाणी न घालता घुसळलेलं ते घोल. साय काढून, पण पाणी न घालता, ते मथित. चौथा हिस्सा पाणी घातलेलं तक्र, निम्मं पाणी घातलेलं उदश्वित, आणि लोणी काढून भरपूर पाणी ओतलेलं ती छच्छिका. माझी सासुरवाडी म्हशाकडची. सासूबाईंनी भावप्रकाश उघडलेला नाही, पण हे पाचही प्रकार त्या एकाच दह्यातून, माणूस बघून काढतात. जावयाला घोल. मुलाला मथित. सुनेला तक्र. लावणीला आलेल्या गड्यांना उदश्वित. आणि छच्छिका स्वतःला, भांडं विसळून. परिणामी त्या घरात सर्वांत ठणठणीत पोट सासूबाईंचं आणि सर्वांत कुरकुरणारं जावयाचं. "आई, मलाही तुमच्यातलंच पातळ द्या," असं मी म्हणून पाहिलं. "शेजारी बसलेत ना," त्या दबक्या आवाजात म्हणाल्या, "जावयाला पाणी पाजलं म्हणतील." आणि पेल्यात वरून सायीचा गोळा पडला.

विरजण लावण्याचं त्यांचं शास्त्र बघण्यालायक आहे. त्या थर्मामीटर वापरत नाहीत, करंगळी वापरतात. करंगळी दहा अंक मोजेपर्यंत दुधात राहिली तर विरजण घालायचं; पाचाला बाहेर आली तर थांबायचं. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपलीकडे जातो तेव्हा रात्री निजताना लावलेलं दही मध्यरात्रीच उठून गार जागी ठेवावं लागतं, नाहीतर सकाळी ते इतकं आंबट होतं की दारावरून जाणाऱ्याचेही डोळे मिटतात. फ्रीज आहे, पण त्या दिवसांत वीज आपल्या मर्जीने येते-जाते. श्रावणात उलटा प्रकार. चार दिवस झड लागलेली, घरात ओल, आणि दूध सकाळपर्यंत दूधच. मग जत्रेतली नवी घोंगडी पातेल्याभोवती गुंडाळून ते तांदळाच्या पिंपात ठेवतात. एका पावसाळ्यात त्याच रात्री मुक्कामाला पाहुणे आले. त्यांना चादरीवर भागवावं लागलं, कारण घोंगडी पांघरून दही निजलं होतं.

सासूबाईंचं विरजण मी शहापूरला आणतो. आसनगावातल्या आमच्या घरी दुकानातल्या दह्याने लावलेलं दही लागतं, पण त्याला तार सुटते आणि चव पाहुण्याच्या स्वभावाची, कधी कशी निघेल सांगता येत नाही. मुरबाडहून शहापूरकडे निघताना डब्यात घट्ट, कवडीचं दही असतं. रस्ता जागोजाग उखडलेला. मध्ये एखाद्या स्टॉपवर झाकण उघडून पाहावं तर कडेला लोण्याचे कण दिसू लागलेले असतात. घरी पोचेपर्यंत ताक तयार, बायकोला फक्त मीठ घालायचं काम उरतं.

ताक विकू नये, हा गावचा जुना संकेत. लोणी काढल्यावर उरलेलं ताक मागेल त्याला द्यायचं. मागणारी यायची ती पावसापाण्याचं, पोरांच्या शाळेचं बोलायची, भांडं पदराआड. देणारीला ठाऊक, मागणारीला ठाऊक, की देणारीला ठाऊक आहे. ताकाला जाऊन भांडं लपवण्याचा हा सोहळा अर्धा तास सहज चालायचा. आणि ज्या घरी तेवढंही नसे तिथे आंबील होती. रात्री नाचणीचं पीठ पाण्यात कालवून आंबवायचं, सकाळी मिठाच्या पाण्यात शिजवायचं, ताक मिळालं तर घालायचं, नाही मिळालं तर तशीच प्यायची. दुधाचा थेंब नाही, आंबवण्याचं सगळं पुण्य पदरात. आता तिलाच शहरात रागीचं पेय म्हणतात आणि काचेच्या ग्लासात, वर पुदिन्याचं पान ठेवून देतात.

ताकाच्या जातीतल्या पेयांना मान मिळवून द्यायला शेवटी परदेशी माणूसच लागला. इल्या मेच्निकॉफ हे रशियन शास्त्रज्ञ पॅरिसच्या पाश्चर संस्थेत काम करायचे. १९०८ चं नोबेल त्यांना पॉल एर्लिख यांच्याबरोबर प्रतिकारशक्तीवरच्या कामासाठी मिळालं, पण लोकांच्या लक्षात ते राहिले वेगळ्याच गोष्टीसाठी: बल्गेरियातले शेतकरी आंबट दूध पिऊन दीर्घायुषी होतात, असं त्यांनी मांडलं. स्वतःही ते नेमाने आंबट दूध घ्यायचे. १९१६ साली, ७१ व्या वर्षी, ते गेले. हे सासुरवाडीच्या शेजारच्या आजींना सांगितलं. त्यांचं स्वतःचं वय कुठल्याच कागदावर नाही, पण त्यांच्या थोरल्या मुलाला पेन्शन सुरू होऊन बराच काळ झाला आहे. त्या म्हणाल्या, "एवढ्यातच?" आणि पेला तोंडाला लावला.

पुढे जपानच्या मिनोरू शिरोता यांचं याकुल्ट १९३५ मध्ये बाटलीत भरलं गेलं. ते आता ६५ मिलिलिटरच्या बाटलीतून आमच्याकडेही पोचलं आहे. तेवढ्या आकाराच्या बाटलीत आम्ही लहानपणी जंताचं औषध घ्यायचो, त्यामुळे जुनी माणसं ती बाटली हातात आली की आधी नाक दाबतात.

आणि मग केफिर आलं. पुण्याला नोकरी करणाऱ्या भाचीने ते आणलं, मामाच्या पोटाच्या काळजीने. केफिर हे कॉकेशसच्या डोंगराळ भागातलं आंबवलेलं दूध. दह्याला कालचं चमचाभर दही पुरतं. याला दाणे लागतात. दाणे नावालाच, दिसायला फ्लॉवरचे तुरे, हाताला लिबलिबीत. त्यांत जिवाणू आणि यीस्ट एकत्र कुटुंबात राहतात. त्यांच्यावर दूध ओतायचं, दिवसभर बाहेर ठेवायचं, गाळून प्यायचं, आणि दाणे परत ताज्या दुधात सोडायचे. साध्या दुधापेक्षा केफिर प्यायल्यावर दूध न सोसणाऱ्यांना त्रास कमी होतो, असं २००३ साली अमेरिकेतल्या एका लहानशा अभ्यासात दिसून आलं आहे. भाचीने तो मोबाइलवर वाचून दाखवला. मग कृती वाचली: "वीस ते पंचवीस अंश तापमानात चोवीस तास ठेवावे." शहापुरात मे महिन्यात वीस-पंचवीस अंश फक्त एटीएममध्ये असतात. ओट्यावर ठेवलेलं दूध दुपारपर्यंतच फाटून वर चोथा आणि खाली निवळ पाणी झालं. यीस्टमुळे वायूही धरतो. मुंग्या येतात म्हणून सासऱ्यांनी बरणीचं झाकण आवळून बसवलं, आणि वामकुक्षीच्या वेळी जो आवाज झाला त्याने शेजारच्या लग्नघरातले लोक वरात आली समजून बाहेर आले.

भाचीने एक शब्द उच्चारायला नको होता. "यात अगदी किंचित अल्कोहोल तयार होतं," ती म्हणाली. आत्या माळकरी. तिने गळ्यातल्या तुळशीच्या माळेला हात लावला आणि ओठापर्यंत गेलेला पेला खाली ठेवला.

"अगं आजी, एक टक्कासुद्धा नसतं. तेवढं तर जास्त पिकलेल्या केळ्यातही असतं."

"म्हणजे आता केळंही सोडू काय?" आत्या म्हणाली. तिने पुढे बरेच दिवस केळं खाल्लं नाही.

ही बातमी शेजारच्या वाडीपर्यंत गेली. तिथले एक आबा मोहाच्या फुलांचा हंगाम कधी चुकवत नाहीत. ते संध्याकाळी मुद्दाम आले. पेलाभर केफिर एका दमात संपवलं, ओटीवर भिंतीला टेकून बसले आणि वाट पाहू लागले. दिवेलागण झाली.

"कधी चढते?" त्यांनी विचारलं.

"चढत नाही आबा. पोटाला चांगलं असतं."

"मग एवढा वेळ कुजवलं कशाला?"

केफिरचा खरा त्रास पुढेच. दाणे वाढतात. विरजण आपण मागून आणतो, केफिर आपल्या मागे लागतं. थोड्याच दिवसांत एका वाटीचे दाणे दोन वाट्या झाले, आणि फेकायचे तर जीव होत नाही, कारण ते जिवंत आहेत. आधी शेजाऱ्यांना दिले. मग शेजाऱ्यांचेही वाढले आणि त्यांनी त्यांच्या शेजाऱ्यांना दिले. आमच्या इमारतीत हातात बरणी घेतलेली बाई लिफ्टमध्ये दिसली की लोक जिन्याने जाऊ लागले. बरं, दाण्यांना रोज ताजं दूध हवं. ज्या घरात दूध सोसत नाही म्हणून एक पिशवी कमी केली होती, तिथे दाण्यांसाठी दोन वाढवाव्या लागल्या. आमच्या दूधवाल्याने तर घरात पाळणा हलला समजून पेढे मागितले.

सासूबाईंनी हा गुंता सरळ सोडवला. त्यांनी आपल्या वाट्याचे दाणे कोंबड्यांना घातले. कोंबड्या खूश आहेत. पाहुणे आले की सासूबाई त्यांना खुराड्याकडे नेतात आणि सांगतात, "आमच्या कोंबड्यांना रशियातलं दही लागतं." दुधावरून मिळणारी इभ्रत त्यांनी अशी वेगळ्या खात्यात फिरवून घेतली आहे.

यंदा कोजागरीच्या आधी आमच्या सोसायटीच्या बैठकीत ठराव आला, की मसाला दुधाच्या पातेल्याशेजारी मसाला ताकाचंही एक ठेवावं. दूध न सोसणाऱ्यांनी फळ्यावर नावं लिहावीत. फळा कोराच राहिला. येता-जाता लोक वाचायचे आणि 'कुणाला गं असेल?' अशा नजरेने एकमेकांकडे बघायचे. शेवटी मी नाव लिहिलं. ते एकट्याचंच बघून तळमजल्यावरच्या काकूंनी बायकोला बाजूला घेऊन "सगळं ठीक आहे ना घरी?" विचारलं. मग प्रश्न निघाला वर्गणीचा. ताक पिणाऱ्याने दुधाची वर्गणी का भरावी? आमचे खजिनदार मुरबाडकडचे, जुन्या वळणाचे. त्यांनी चष्मा काढला. "ताकाचे पैसे घ्यायचे नसतात," ते म्हणाले. "ताकवाल्यांना वर्गणी माफ."

संध्याकाळपर्यंत फळा भरला. जागा पुरेना म्हणून खाली कागद चिकटवावा लागला. रोज सकाळी तांब्याभर निरसं दूध पिण्याबद्दल अख्ख्या आसनगावात प्रसिद्ध असलेले तिसऱ्या मजल्यावरचे पैलवानही त्यात होते, नावापुढे कंसात 'तीव्र' असं लिहून. खजिनदारांनी हिशेब केला, दूध निम्म्यावर आणलं, ताक दुप्पट केलं. रात्री बारा वाजता दोन्ही पातेली गच्चीवर आली. दुधाचं आधी संपलं.